खाडीतले रोहित: वर्गीकरण आणि संवर्धन

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघालेली बोट ठाणे खाडीत शिरली, की उन्हाळ्याच्या तोंडावर चिखलभर गुलाबी थवे दिसतात. ‘फ्लेमिंगो!’ असा आनंदाचा उद्गार हवाच. पण या विषयात यायचे, तर पुढे विचारावे लागते: यातला कोणता?

इथे फ्लेमिंगोच्या, म्हणजेच रोहितांच्या, दोन जाती येतात. मोठा रोहित, फिनिकॉप्टेरस रोझियस, उंच आणि फिकट. गुलाबी चोचीचे टोक तेवढे काळे. लहान रोहित, फिनिकोनायस मायनर, ठेंगणा, गडद. चोच काळपट लाल. दोघेही चोच उलटी बुडवून पाणी गाळतात. मोठ्याला त्यातून बारीक शंख-शिंपले आणि कवचधारी जीव मिळतात. लहानाची गाळणी कितीतरी बारीक, तिच्यात नील-हरित शैवाल आणि डायटम अडकतात. म्हणूनच दोघे एकाच चिखलावर फारशी स्पर्धा न करता चरतात.

यांचे गोत मात्र सहजी ठरले नाही. पाय करकोच्याचे, बोटांमधले पडदे आणि आवाज बदकाचे! जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी 1867 मध्ये त्यांना या दोघांच्या मधोमध बसवले. 2001 च्या सुमारास डीएनएने भलताच नातेवाईक दाखवला: आपल्या तळ्यांत बुड्या मारणारी टिबुकली. बाह्य रूपावर किती विसंबावे, याचा इतका चांगला धडा पक्षिशास्त्रात क्वचितच मिळतो.

जात ओळखण्याचे मोल संवर्धनात कळते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत मोठा रोहित निर्धोक गटात आहे, लहान संकटसमीप. कारण त्याची वीण जगात मोजक्याच खाऱ्या पाण्यांवर होते. टांझानियाचे नेट्रॉन सरोवर त्यांत प्रमुख, आपल्याकडे कच्छचे रण. एखादे सरोवर बिघडले, तरी सगळ्या जातीला धक्का बसतो.

ठाणे खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. तेवढ्याने भागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. भरतीत चिखल बुडतो, तेव्हा थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसावतात, आणि त्या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. खाडी राखून विसाव्याची जागा बुजवली, तर पक्षी राहणार कुठे?

म्हणून नव्या अभ्यासकाला विनंती: नोंदवहीत नुसते ‘फ्लेमिंगो’ लिहू नका. जात लिहा, जागा लिहा, भरती होती की ओहोटी तेही लिहा.