व्हायब्राफोन आणि त्याचे अनामिक वादक

संगीताचा इतिहास लिहितांना आपल्याकडे गायकास मानाचें पान मिळतें, त्याच्या खालोखाल संगीतरचनाकाराची वर्णी लागते आणि वादकवर्ग बहुधा पानाबाहेरच राहतो. त्यांतही ज्याचें वाद्य परदेशचें व ज्याची उपजीविका हॉटेलांतील नृत्यगृहांत किंवा बोलपटांच्या ध्वनिमुद्रणशाळेंत, त्याची दखल घ्यावी असें आमच्या सुशिक्षित वर्गास क्वचितच वाटलें आहे. अशाच एका वाद्याची हकीकत आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. तें वाद्य म्हणजे जॅझ संगीतांतील व्हायब्राफोन.

याचें कुळ आपणांस अगदींच परकें नाहीं. ज्यानें जलतरंग ऐकला आहे, त्यास आघातानें उठणाऱ्या स्वराची गोडी ठाऊक असते. येथें पेल्यांच्या ऐवजीं धातूच्या पट्ट्या पियानोच्या स्वरक्रमानें मांडलेल्या असतात. सामान्यतः तीन सप्तकांच्या मिळून ३७. प्रत्येक पट्टीखालीं एक नळी, आणि नळीच्या तोंडाशीं विजेच्या यंत्रानें फिरणारी चकती. तिच्यामुळें नळीचें तोंड क्षणांत उघडतें, क्षणांत मिटतें व स्वरास कंप येतो. १९२१ च्या सुमारास अमेरिकेंतील लीडी कंपनीनें असें वाद्य तयार केलें. १९२७ मध्यें डीगन कंपनीच्या हेन्री श्लूटर यानें पोलादाऐवजीं अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या व स्वर आवरण्यासाठीं पायानें दाबावयाची पट्टी जोडली.

या पायपट्टींतच वादनाचें मर्म आहे. मोरगावच्या मयूरेश्वराच्या दर्शनास जाणारा भाविक घंटेचा टोल देऊन आंत जातो. मागें नाद घुमत राहतो, त्यावर कोणाचीच सत्ता नसते. व्हायब्राफोनवादकास मात्र प्रत्येक नादाचा शेवटही स्वतःच ठरवावा लागतो. पाय दाबला कीं स्वर लांबतो, उचलला कीं मिटतो. अनेक स्वर घुमत असतां त्यांतील एकच थांबवावयाचा, तर ती पट्टी काठीच्या मऊ टोकानें हलकेच दाबून धरावी लागते. हातांत दोन काठ्या, कधीं चार. आणि जॅझमध्यें स्वरसंघांचा क्रम तेवढा ठरलेला, बाकीची रचना तेथल्या तेथें करावयाची. आपल्या गवयास रागाच्या चौकटींत जें स्वातंत्र्य असतें, त्याचेंच हें दूरचें भावंड होय.

वाद्यास प्रतिष्ठा मिळाली ती लायोनेल हॅम्प्टन या ढोलवादकामुळें. १९३० मध्यें लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणांत त्यानें तें वाजविलें. १९३६ मध्यें तो बेनी गुडमनच्या चौकडींत दाखल झाला. गोऱ्या व काळ्या वादकांनीं एकत्र वाजविणें हें त्या काळच्या अमेरिकेंत धाडसच होतें. पुढें मिल्ट जॅक्सन यानें चकतीची गति मंदावून स्वरास गाण्याचा लडिवाळपणा आणला, व गॅरी बर्टन यानें चार काठ्यांचें तंत्र पूर्णत्वास नेलें.

जॅझ संगीत मुंबईस फार उशिरां आलें नाहीं. १९३५ मध्यें लिऑन अॅबी याचा कृष्णवर्णी अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत वाजवीत होता. या पाहुण्यांची विद्या उचलली ती प्रामुख्यानें गोमंतकीय तरुणांनीं. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून त्यांस पाश्चात्य स्वरलिपि लहानपणींच अवगत झालेली असे. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याचा ट्रंपेट मुंबईंत गाजला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनीं त्यास हाताशीं धरलें. ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटांत तो आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतो. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर रात्रीच्या नृत्यगृहांचें तेज ओसरलें, आणि ध्वनिमुद्रणशाळा हाच अनेकांचा मुख्य आधार ठरला.

तेथें व्हायब्राफोन ज्यांच्या हातीं होता, त्यांत केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) यांचें नांव अग्रभागीं येतें. वडील कावस लॉर्ड व बंधु बुर्जोर हेही वादकच. केरसी व्हायब्राफोन, ग्लॉकेनश्पील व अॅकॉर्डियन वाजवीत. ‘आराधना’ (१९६९) मधील एका मादक गीतांतील अॅकॉर्डियन कोट्यवधि लोकांनीं ऐकला. परंतु वादकाचें नांव कितीकांस ठाऊक आहे? तबकडीवर गायकाचें व संगीतदिग्दर्शकाचें नांव छापीत, वादकाचें नाहीं. या वादकांस बोलतें करून त्यांचा इतिहास ग्रेगरी बूथ या परदेशी पंडितानें २००८ मध्यें इंग्रजींत लिहिला. लॉर्ड कुटुंबावरील ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट आला, तो २०१२ मध्यें.

कोणी म्हणेल, पोटासाठीं पाश्चात्य वाद्य वाजविणाऱ्यांचा आपल्या संगीताशीं संबंध काय? आमच्या मतें संबंध निकटचा आहे. बारामतीच्या बाजारांत काय किंवा मोरगावच्या घरांत काय, आकाशवाणीवरून जें संगीत पोंचलें त्याचा निम्मा रंग या लोकांनीं भरला. मराठी माणसानें तें गुणगुणलें आणि आपलें मानलें. जें आपलें मानलें त्याच्या कर्त्यांचीं नांवें विचारणें हा उपकार नव्हे, देणें आहे. त्या पिढींतील बहुतेक आतां हयात नाहींत. जे थोडे आहेत, त्यांच्या आठवणी मराठींत उतरवून घेण्यास अजून अवसर आहे. तो फार दिवस राहणार नाहीं.