तीन उन्हाळ्यांची लीग : अमेरिकेतील 'वूसा', २००१ ते २००३

१५ सप्टेंबर २००३. महिला फुटबॉलचा विश्वचषक अमेरिकेत सुरू व्हायला अवघे पाच दिवस उरले होते. सार्सच्या साथीमुळे ही स्पर्धा ऐनवेळी चीनमधून अमेरिकेत हलवण्यात आली होती. त्याच दिवशी अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगने आपले कामकाज स्थगित केल्याची घोषणा केली. विश्वचषकाच्या तयारीत असलेल्या यजमान संघातील खेळाडूंना स्पर्धेच्या तोंडावर कळले, की परतण्यासाठी आता क्लबच उरलेला नाही.

या लीगचे नाव विमेन्स युनायटेड सॉकर असोसिएशन, संक्षेपाने 'वूसा'. आठ संघ, तीन हंगाम, आणि सुमारे दहा कोटी डॉलरचा खर्च. सर्व खेळाडूंना वेतन देणारी महिलांची ही जगातील पहिली फुटबॉल लीग मानली जाते.

तिची पाळेमुळे १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्यात आहेत. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला या कायद्याने मनाई केली आणि महाविद्यालयांत मुलींचे फुटबॉल संघ झपाट्याने वाढले. मात्र पदवी हाती पडली की खेळ संपे. राष्ट्रीय संघातील मोजक्या जणी सोडल्या, तर बाकीच्यांना पुढे वाटच नव्हती.

१० जुलै १९९९ रोजी ती वाट दिसल्यासारखे वाटले. पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना पाहण्यासाठी ९०,१८५ प्रेक्षक जमले. चीनविरुद्धचा सामना गोलशून्य राहिला. पेनल्टींत ब्रियाना स्करीने लिऊ यिंगचा फटका अडवला, ब्रँडी चॅस्टेनने शेवटचा फटका जाळ्यात धाडला, आणि तिचे छायाचित्र जगभर पोहोचले. त्यानंतरची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अवघ्या सहा महिन्यांत, जानेवारी २००० मध्ये, याच जगज्जेत्या खेळाडूंना मानधनाच्या वादातून ऑस्ट्रेलियातील स्पर्धेवर बहिष्कार टाकावा लागला. टाळ्या आणि पगार यांतले अंतर त्यांना तेव्हाच कळून चुकले होते.

फेब्रुवारी २००० मध्ये लीगची घोषणा झाली. पुढाकार डिस्कव्हरी वाहिनीचे संस्थापक जॉन हेंड्रिक्स यांचा होता, आणि बरेचसे भांडवल केबल टीव्ही कंपन्यांचे. राष्ट्रीय संघातील वीस जणींना 'संस्थापक खेळाडू' म्हणून मालकीत वाटा मिळाला. ज्यांच्या नावावर तिकिटे विकली जाणार, त्यांनाच भागीदार करून घेण्याची ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. नफा झालाच नाही, ही बाब वेगळी.

१४ एप्रिल २००१ रोजी वॉशिंग्टनच्या आरएफके मैदानावर पहिला सामना झाला : वॉशिंग्टन फ्रीडम विरुद्ध बे एरिया सायबररेज. प्रेक्षक ३४,१४८. चॅस्टेनने मिया हॅमला पाडले, पेनल्टी मिळाली आणि ब्राझीलच्या प्रेटिन्याने सामन्यातला एकमेव गोल केला. एवढी गर्दी लीगला पुन्हा कधी दिसली नाही.

खेळाचा दर्जा मात्र उंच होता. चीनची सुन वेन आणि जपानची होमारे सावा अटलांटात, जर्मनीची बिर्गिट प्रिन्झ कॅरोलायनात, इंग्लंडची केली स्मिथ फिलाडेल्फियात. फ्रान्सची मारिनेत पिशों २००२ ची, तर बोस्टनकडून खेळणारी जर्मनीची मारेन माइनर्ट २००३ ची सर्वोत्तम खेळाडू ठरली. मायदेशी पूर्णवेळ व्यावसायिक लीग नसलेल्या या खेळाडूंना रोजच्या सरावाचे आयुष्य अमेरिकेने दिले.

घसरण हिशेबातून सुरू झाली. पाच वर्षांसाठी राखलेले सुमारे चार कोटी डॉलर पहिल्याच हंगामात संपले. सरासरी प्रेक्षकसंख्या पहिल्या वर्षी आठ हजारांच्या आसपास होती. तिसऱ्या वर्षी ती ६,६६७ वर आली. महाविद्यालयाच्या छोट्या मैदानासाठी हा आकडा वाईट नव्हे. पण खर्चाचा आराखडा रोझ बोलची आठवण समोर ठेवून आखला गेला होता. दुसऱ्या हंगामात प्रक्षेपण पॅक्स या लहान वाहिनीकडे गेले आणि दूरचित्रवाणीवरचा प्रेक्षक आणखी पांगला. त्यात डॉट-कॉमचा फुगा फुटल्याने जाहिरातींचा बाजार मंदावलेला. मोठे प्रायोजक पुरेसे मिळालेच नाहीत. संस्थापक खेळाडूंनी स्वतःच्या वेतनात कपात मान्य केली. 'स्त्रियांचा खेळ कोणी पाहत नाही' हा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी घाईने काढला. वास्तविक, एका दुपारच्या गर्दीवर पाच वर्षांचा डोलारा उभारणाऱ्यांचा हिशेब चुकला होता.

२४ ऑगस्ट २००३ रोजी सॅन डिएगोत शेवटचा अंतिम सामना झाला. तरुण ॲबी वॉम्बॅकच्या दोन गोलांमुळे वॉशिंग्टनने अटलांटाला अतिरिक्त वेळेत २-१ असे हरवले. तीन आठवड्यांनी लीगच उरली नाही.

विश्वचषकात याचे विलक्षण पडसाद उमटले. ५ ऑक्टोबरला पोर्टलंडमधील उपांत्य सामन्यात जर्मनीने अमेरिकेला ३-० असे नमवले. त्यांतले दोन गोल माइनर्ट आणि प्रिन्झ यांचे होते. दोघीही त्याच उन्हाळ्यात वूसात खेळलेल्या. पुढे जर्मनी जगज्जेता झाला.

लीग पुन्हा उभी करण्यासाठी जून २००४ मध्ये मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियात प्रदर्शनी सामने भरवले गेले. भांडवल काही आले नाही. मिया हॅम, ज्युली फाउडी यांची पिढी त्याच वर्षाअखेरीस निवृत्त झाली. २००९ मध्ये विमेन्स प्रोफेशनल सॉकर ही नवी लीग आली आणि तीही तीन हंगामांतच आटोपली. २०१३ मध्ये नॅशनल विमेन्स सॉकर लीग सुरू झाली, तेव्हा रचना बदललेली होती : राष्ट्रीय संघातील खेळाडूंचे वेतन अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने उचलले आणि क्लबांचा सर्वांत मोठा भार हलका झाला. या लीगने तिसरा हंगाम ओलांडला. तिन्ही लीगमध्ये टिकलेले नाव एकच, बोस्टन ब्रेकर्स. तो क्लब जानेवारी २०१८ मध्ये बंद झाला.