हत्तीला किती घरं?

बुद्धिबळाच्या पटावर हत्ती किती जागा घेतो? एक घर. आणि प्यादं? तेही एकच! लहानपणापासून हा पट बघतोय, पण ह्यात काही विचित्र आहे असं कधी वाटलं नाही. वाटायला लागलं ते भाच्यामुळे. तो छोटे छोटे पुतळे मांडून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो आणि त्याच्या पटावरचा हत्ती चक्क नऊ घरं अडवून बसतो. तेव्हापासून असल्या खेळांत मोठ्या पुतळ्यांना कसं चालवायचं, ह्याचा इतिहास वाचायचा नाद लागलाय. (घरच्यांच्या मते मला दुसरे उद्योग नाहीत. असो.)

सगळ्यात जुना धागा आपल्याकडचाच सापडला. १०३० च्या सुमारास अल् बिरुनीने भारतातल्या बुद्धिबळाचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यातला हत्ती एक घर सरळ पुढे जातो, नाहीतर चारपैकी कुठल्याही तिरप्या घरात. एकूण पाच चाली. का? तर चार पाय आणि एक सोंड! आपला आजचा हत्ती सरळ पळतो आणि तिरकं जायचं काम उंटाकडे गेलंय, ते नंतरचं. गंमत अशी की हत्तीचा देह पटावर आला तो चालीतून. जागा मात्र प्याद्याएवढीच राहिली.

जागेचा हिशोब चोख केला तो प्रशियात. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तोफखान्यातल्या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांचा युद्धखेळ सुधारून नव्याने मांडला. ह्या खेळात चौकटी नव्हत्याच. १:८००० प्रमाणाचा नकाशा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ८० मीटर. तुकडी रणांगणावर जेवढी लांब पसरेल, त्याच मापाचा ठोकळा. एक डाव म्हणजे दोन मिनिटं, तेवढ्या वेळात खरी तुकडी जेवढी जाईल तेवढीच चाल. प्रशियाच्या सैन्याला हा खेळ इतका पटला की अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याचा वापर सुरू झाला.

एच. जी. वेल्सची युक्ती निराळी. १९१३ च्या 'लिटल वॉर्स' ह्या पुस्तकात तो जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून खेळतो. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. आणि तोफ? ती एकटी हलतच नाही. तिच्यापासून सहा इंचांच्या आत आपली चार माणसं हवीत. नसली तर ती ना सरकते, ना डागता येते. माणसं असली तरी एका चालीत एकतर हलवा, नाहीतर डागा. हा नियम वाचून मी खूश झालो. मोठी वस्तू म्हणजे नुसती ताकद नव्हे, तिला ओढायला माणसंही लागतात, हे त्याने चार शिपायांत सांगून टाकलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि खऱ्या तोफा चिखलातून ओढायला खरी माणसं लागली.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ चा, पण त्याचं मूळ शिपायांच्या अशाच खेळांत आहे. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत पटावरचं एक घर म्हणजे पाच फूट आणि घोड्याला एक घर रुंद, दोन घरं लांब अशी जागा होती. म्हणजे घोडा घोड्यासारखा! २००३ च्या सुधारित आवृत्तीत तो दोन बाय दोनचा चौकोन झाला, हत्ती तीन बाय तीनचा. अरुंद वाटेतून जायचं तर निदान अर्ध्या अंगाएवढी जागा हवी. तिथून अंग चोरून जाताना प्रत्येक घर दोन घरांएवढं मोजायचं आणि लढायची ताकदही घटते. आमच्या गल्लीतून ट्रक जाताना पाहिलाय, हा नियम मला शंभर टक्के मान्य!

पण चौकोनी घोडा? भाचा म्हणतो, "मामा, चौकोन केला म्हणून भांडणं मिटली. तोंड कुठे, शेपूट कुठे, हे बघायलाच नको." बरोबर आहे त्याचं. लांबट पुतळा वळवायचा म्हणजे त्याचं मागचं अंग कुणाच्या घरात जातं ह्यावरून वाद आलाच. पण त्या वादाबरोबर एक खरी गोष्टही पटावरून गेली. मोठ्या देहाला जागा लागते हे राहिलं, त्याला वळणं जड जातं हे गेलं.

हे बारीकसारीक वाटत असेल तर झामाची लढाई आठवा. इसवी सनपूर्व २०२. हॅनिबलने आघाडीला ऐंशीच्या वर हत्ती उभे केले होते. समोर स्किपिओने आपल्या सैन्यात सरळ मोकळ्या वाटा राखल्या होत्या. रणशिंगांच्या आवाजाने काही हत्ती बिथरून उलटे आपल्याच घोडदळावर गेले, आणि उरलेल्यांतले बरेच त्या मोकळ्या वाटांतून सरळ निघून गेले. उधळलेला हत्ती मध्येच वळवून शेजारच्या रांगेवर घालता येत नाही, हे स्किपिओला पक्कं ठाऊक होतं.

फुकटात वळणाऱ्या हत्तींच्या पटावर ही लढाई पुन्हा मांडून बघा. स्किपिओच्या त्या वाटांचा काही उपयोग नाही. हॅनिबल जिंकेल!