दत्तविधानांत सहोदरांचें स्थान

दत्तविधानाविषयीं आपल्याकडे लेखन थोडें झालेलें नाहीं. पुत्र कोणीं द्यावा, कोणीं घ्यावा, गोत्र कसें पालटतें, रिक्थ कोणाकडे जातें, यांचा ऊहापोह निबंधकारांनीं व पुढें न्यायालयांनीं भरपूर केला आहे. परंतु एक प्रश्न त्या सर्व ग्रंथसंभारांत जवळजवळ विचारलाच गेला नाहीं. दोन भावंडांपैकीं एक परघरीं गेलें, म्हणजे त्या दोघांचें परस्परांशीं नातें काय उरतें? प्रस्तुत लेखक शिक्षक असतां निराळ्या आडनांवांचीं दोन मुलें वर्गांत एका बांकावर बसत. चेहऱ्यांवरून चौकशी केली तों सख्खे भाऊ निघाले. धाकटा दत्तक गेलेला. या टिपणाचें मूळ त्या बांकावर आहे.

एकुलता पुत्र देऊं नये, असें वसिष्ठ सांगतो. ज्यास पुष्कळ पुत्र त्यानें द्यावा, असें शौनक. यावरून दत्तकमीमांसाकार नंदपंडित एक पाऊल पुढें जाऊन दोन पुत्रांच्या पित्यासही दानापासून परावृत्त करतात, कारण एक दिला व दुसरा दगावला तर वंश खुंटेल. मिताक्षराकार ज्येष्ठ पुत्राचें दान निषिद्ध मानतात, तेंही ज्येष्ठामुळें पिता पुत्रवान् होतो म्हणून. येथें भाऊ मोजले आहेत, भाऊपणा मोजलेला नाहीं. दत्तक जनकाचें गोत्र व रिक्थ सोडतो, असें मनुवचन आहे. द्व्यामुष्यायणाचा अपवाद आहे खरा, पण तोही दोन पित्यांच्या सोयीसाठीं. विवाहापुरतें मात्र जनककुलाचें सापिंड्य सुटत नाहीं. म्हणजे मागें राहिलेल्या बहिणीशीं दत्तकाचें नातें शास्त्रांत टिकतें तें केवळ निषेधाच्या रूपानें!

इंग्रजी अमदानींतील न्यायालयें याच चाकोरींतून गेलीं. एकुलत्या पुत्राचें दत्तविधान मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्ण पीठानें १८८९ सालीं अवैध ठरविलें. प्रिव्ही कौन्सिलानें १८९९ त वसिष्ठाचा निषेध उपदेशात्मक मानून असें विधान वैध ठरविलें. एक दत्तक विद्यमान असतां दुसरा घेतां येत नाहीं, असा निर्णय त्याच कौन्सिलानें १८४६ सालींच दिला होता. व्यवहार मात्र नेहमींच इतका शिस्तीचा नसे. ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांनीं १८२७ त धोंडोपंतांस दत्तक घेतलें, आणि त्यांच्या १८३९ च्या मृत्युपत्रांत धोंडोपंतांखेरीज दुसऱ्या पुत्रांचाही उल्लेख आहे.

भावंडांच्या दृष्टीनें बडोद्याचें उदाहरण अधिक बोलकें आहे. १८७५ त मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची मोकळीक मिळाली. कवळाण्याचे काशीराव गायकवाड आपले पुत्र आनंदराव, गोपाळराव व संपतराव यांस घेऊन बडोद्यास आले. निवड गोपाळरावांची झाली व २७ मे रोजीं ते सयाजीराव झाले. त्या प्रसंगीं कोणत्या मुलानें काय उत्तर दिलें ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती तपासण्याचें हें स्थळ नव्हे. लक्षांत घेण्याजोगें हें कीं, बंधूंचा बडोद्याशीं संबंध तुटला नाहीं. संपतरावांचा ग्रंथसंग्रह पुढें बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाला, हें ग्रंथप्रेमी वाचकांस सांगावयास नको. शास्त्रतः ते आतां महाराजांचे सहोदर नव्हते, प्रत्यक्षांत होते. पण हें संस्थानाच्या ऐश्वर्यामुळें साधलें. गरिबाच्या मुलांस तें कोठून साधावें?

स्वराज्यांत १९५६ चा हिंदु दत्तक व निर्वाह कायदा आला. त्यानें मुलीचेंही दत्तविधान मान्य केलें, ही मोठी गोष्ट. परंतु घरांत पुत्र असतां दुसरा पुत्र, कन्या असतां दुसरी कन्या दत्तक घेऊं नये, हा निर्बंध अकराव्या कलमांत राहिला. परिणाम असा कीं, अनाथालयांतील भाऊ-बहीण एका घरीं दत्तक जाऊं शकत, दोन भाऊ किंवा दोन बहिणी जाऊं शकत नसत. दुसऱ्यास १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखालीं पाल्य म्हणून घ्यावें लागे, आणि तें पालकत्व मूल सज्ञान होतांच संपे. एका ताटांत जेवणाऱ्या दोन सख्ख्या भावांपैकीं एक पुत्र व एक पाल्य! पिंडदानासाठीं केलेला नियम निराधार मुलांस लावल्याचें हें फळ होय.

ही गांठ मुंबईच्या उच्च न्यायालयांत सुटली. औरस कन्या असलेल्या दांपत्यानें दुसरी मुलगी दत्तक मागितली होती. न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं २००९ सालीं निर्णय दिला कीं, अनाथ, टाकलेल्या किंवा स्वाधीन केलेल्या मुलांच्या पुनर्वसनासाठीं झालेला २००० चा बालन्याय कायदा अशा दत्तविधानास मुभा देतो, व १९५६ चा निर्बंध त्याच्या आड येत नाहीं. प्रकरण भावंडांचें नव्हतें. तथापि दोन बहिणींस एका घरीं कन्या होण्याचा मार्ग त्याच तर्कानें मोकळा होतो. पुढें २०१५ च्या कायद्याखालील दत्तक-नियमांत भावंडें व जुळीं यांची नोंद तशीच करण्याविषयीं संस्थांस बजावलें आहे. जें नंदपंडितांनीं विचारलें नाहीं, तें आतां नोंदवहींत विचारलें जातें.

जुन्या दत्तकपत्रांत दाता, ग्रहीता, होम, साक्षी व सरकारची नजर हीं प्रायः आढळतात. ज्यांच्या दप्तरांत अशीं पत्रें असतील त्यांनीं तीं पुनः उलगडून, मागें राहिलेल्या भावाचें किंवा बहिणीचें नांव, अथवा त्यांच्या जाण्यायेण्याविषयीं कांहीं करार कोठें लिहिला आहे काय, एवढें पाहावें.