दिव्यावरच्या पाखरांची वही: पनवेलच्या पतंगांना नावं कुणी दिली?

आजचा भाग थोडा वेगळा आहे. यात राजे नाहीत, लढाया नाहीत, तह तर अजिबात नाहीत. आज आपण पतंगांचा इतिहास बघणार आहोत. संक्रांतीला उडवतो ते पतंग नव्हेत. पावसाळ्यात जेवायला बसलं की ट्यूबलाइटभोवती गोळा होतात आणि मग आपण दिवा बंद करून बसतो, ते पतंग.

दर पावसाळ्यात कोकणातल्या पेपरात एक बातमी हमखास येते. अमुक गावात दुर्मिळ पतंग आढळला, बघायला गर्दी झाली. सोबत फोटो असतो. विटकरी रंगाचे पंख, त्यांवर काचेसारख्या पारदर्शक खिडक्या आणि पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडासारखा आकार. हा अ‍ॅटलास पतंग. पंख पसरले की वीतभर किंवा जरा जास्तच भरतो. प्रौढ झाल्यावर तो काही खात नाही. सुरवंट असताना जे पोटात साठवलं त्यावर आठवडा-दोन आठवडे जगतो, जोडीदार शोधतो आणि संपतो.

आता माझा प्रश्न असा, की तो दुर्मिळ आहे हे ठरवलं कुणी? दुर्मिळ म्हणायचं तर आधी किती होते, कुठे होते, कोणत्या महिन्यात दिसायचे, हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. ती वही आहे का? असली तर कुणाकडे आहे? आजचा भाग या वहीबद्दल आहे.

सुरुवात करावी लागते युरोपातून, कारण अ‍ॅटलासचं शास्त्रीय नाव तिथे ठरलं. १७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. जगभरच्या प्राण्यांना दोन शब्दांत नाव देण्याची पद्धत प्राणिशास्त्रात तिथून पक्की झाली. त्यात फुलपाखरं आणि पतंग मिळून त्याने फक्त तीन गट केले होते. दिवसा उडणारी फुलपाखरं एकात, जाड अंगाचे वेगवान पतंग दुसऱ्यात आणि उरलेली सगळी पाखरं तिसऱ्यात. अ‍ॅटलास या तिसऱ्या गटात होता. लिनियस कधी आशियात आला नव्हता. त्याच्यापुढे होते ते जहाजांतून आलेले, टाचणीला लावलेले नमुने आणि इतरांनी काढलेली चित्रं.

पण त्या चित्रांपैकी काही चित्रं काढणारी बाई मात्र घर सोडून थेट जंगलात गेली होती. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन. जन्म १६४७, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा. तेराव्या वर्षी तिने रेशीमकिडे पाळायला घेतले. किडे चिखलातून किंवा कुजक्या पानांतून आपोआप जन्मतात असं तेव्हा भलेभले मानत होते. मेरियनने सुरवंट पाळले, त्यांना काय खायला लागतं ते बघितलं, कोष कधी केला आणि त्यातून कोण बाहेर पडलं हे लिहून ठेवलं. १६७९ साली तिचं सुरवंटांवरचं पहिलं पुस्तक आलं. एका पानावर झाड, त्याच झाडावर अळी, कोष आणि उडणारं पाखरू, असं सगळं एकत्र. पुढे १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. आजारपणामुळे १७०१ मध्ये परतली आणि १७०५ मध्ये तिथल्या कीटकांचा मोठा ग्रंथ काढला. लिनियसने तिच्या चित्रांचा आधार घेतलेला आहे.

म्हणजे बघा, सुरुवातीपासूनच हे काम दोन तऱ्हेने चाललंय. एक, मेलेला नमुना बघून नाव द्यायचं. दुसरं, जिवंत किडा जन्मापासून बघायचा. कधी कधी दोन्ही एकाच नावात भेटतात. आपल्याकडे कण्हेरीवर आणि तगरीवर एक जाडजूड हिरवी अळी येते. डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर असेल तर पाऊस पडल्यावर जरा पानं उलटून बघा. तिचा पतंग होतो तो हिरव्या-गुलाबी नक्षीचा, फार देखणा. हाच पतंग आफ्रिकेतून उन्हाळ्यात उडत दक्षिण युरोपातही जातो, म्हणून तो लिनियसच्या यादीत आला. त्याचं नाव त्याने ठेवलं 'नेरी', म्हणजे कण्हेरीचा. कुणीतरी अळीला कण्हेर खाताना बघितलं होतं म्हणूनच हे नाव पडलं.

आता याच्या उलट गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या भातशेतीतली आहे.

पनवेल, उरण, पेण, कर्जत हा सगळा भाताचा मुलूख. पनवेलमध्ये खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथे खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भाताच्या जाती तयार झाल्या. भात करणाऱ्याला पिवळा खोडकिडा सांगावा लागत नाही. अळी खोडात शिरते, मधला पोंगा सुकतो, त्याला गाभामर म्हणतात. नंतर शिरली तर लोंबी पांढरीफटक आणि आत दाणाच नाही. मादी पानाच्या शेंड्याकडे अंडी घालते, म्हणून तर लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून टाकायला सांगतात. आणि हे पाखरू दिव्यावर येतं, म्हणून शेतात प्रकाश सापळे लावतात.

या पाखराला शास्त्रीय नाव दिलं फ्रान्सिस वॉकर या इंग्रजाने, १८६३ मध्ये. वॉकर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या नमुन्यांच्या याद्या करत होता. नुसत्या पतंग-फुलपाखरांच्या यादीचे ३५ भाग त्याने १८५४ ते १८६६ या काळात काढले. काम प्रचंड, पण घाईचं. आपल्या या खोडकिड्याला त्याने एकच नाव दिलं नाही. १८६३-६४ या दोन वर्षांत वेगवेगळे नमुने बघून त्याने त्याच पाखराला एकाहून अधिक नावं दिली, जणू काही त्या वेगवेगळ्या जाती आहेत. त्यातल्या एका नावाचा अर्थ 'दोन ठिपके असलेली'. खोडकिड्याच्या मादीच्या पिवळ्या पंखांवर एकेक काळा ठिपका ठळक असतो. नर लहान, मळकट रंगाचा, तो वेगळाच कुणीतरी वाटतो. शेतात उभं राहून ज्याने या नर-माद्या एकत्र बघितल्या असत्या त्याला ते एकच पाखरू आहे हे कळलं असतं. लंडनच्या खणात ते कळणं अवघड होतं. पुढच्या अभ्यासकांनी ती सगळी नावं एकत्र आणली आणि आज त्यातलं एकच चालतं.

या टप्प्यावर मुंबई गोष्टीत येते. १५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठांतले दोघे आपले डॉक्टर होते. प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. पुढल्याच वर्षी सोसायटीला फोर्ब्स स्ट्रीटवर जागा मिळाली, ती फिप्सन नावाच्या दारू व्यापाऱ्याच्या दुकानात! तिथे कपाटं लागली, लोक नमुने आणून देऊ लागले. १८८६ पासून सोसायटीचं नियतकालिक सुरू झालं, ते आजही चालू आहे.

आठांपैकी दोन साहेब आपल्या विषयाचे. पहिला कर्नल चार्ल्स स्विन्हो. लष्करातला माणूस, पण पतंगांचा नाद जबर. १८८५ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या अंकात त्याने मुंबई आणि दख्खनमधल्या फुलपाखरं-पतंगांवर लेखमाला छापली. आपल्या भागातल्या पतंगांची इतकी मोठी छापील नोंद त्याआधी मला माहीत नाही. कित्येक पतंगांच्या नावापुढे आजही 'स्विन्हो, १८८५' असं लागतं. पुढे कोट्स या अधिकाऱ्याबरोबर त्याने भारतातल्या पतंगांची सूची केली आणि मग १८९२ ते १८९६ मध्ये जॉर्ज हॅम्पसनचे चार जाडे खंड आले. हॅम्पसन मूळचा निलगिरीतला चहामळेवाला.

आता शीर्षक पुन्हा ऐका. मुंबई आणि दख्खन. पनवेल या दोहोंच्या मधोमध! एकेकाळी मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेल बंदरात उतरून बोरघाट चढावा लागायचा. १८६३ मध्ये घाटात रेल्वे झाली आणि प्रवासी कल्याण-कर्जतवरून जाऊ लागले. मला वाटतं, साहेबाचा बंगला जिथे, तिथला दिवा जिथे, तिथलीच पाखरं वहीत आली. मधल्या गावांवरून वही नुसती उडत गेली.

दुसरा साहेब मला जास्त जवळचा. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. 'ईएचए' या टोपणनावाने लिहायचा. जन्म साताऱ्याचा, १८५१चा. वडील मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून मग तो मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात शिरला. मिठागरं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बरोबर. एटकेनची एक नेमणूक आपल्या शेजारी उरणला होती. सोसायटीचा पहिला सचिवही तोच. घरातल्या मुंग्या, डास, पाली, उंदीर यांच्यावर त्याने इतकं गमतीदार लिहिलंय की आजही हसू येतं.

पुढे त्याची बदली कारवारकडे, गोव्याच्या सरहद्दीवर झाली. तिथे डेव्हिडसन हा सनदी अधिकारी आणि वनखात्यातला टी. आर. बेल भेटला. या तिघांनी मेरियनचं काम आपल्या मातीत केलं. सुरवंट आणायचे, घरात पाळायचे, कोणतं पान खातात, कोष कसा लटकतो, किती दिवसांनी काय बाहेर येतं, हे लिहायचं. १८९० पासून त्यांचे फुलपाखरांवरचे लेख सोसायटीच्या अंकात आले. बेल तर कायमचा कारवारचा झाला आणि १९४८ मध्ये तिथेच वारला. त्याने स्कॉट या लष्करी अधिकाऱ्याबरोबर लिहिलेला, कण्हेरीवरच्या पतंगाच्या कुळाचा ग्रंथ १९३७ मध्ये आला. त्यात नुसते पंख नाहीत, सुरवंटांची आयुष्यंही आहेत.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र खटकते. एवढे सुरवंट शोधून कोण आणत होतं? रोज ताजा पाला कोण आणत होतं? एटकेनने बंगल्यावरच्या नोकरांवर एक अख्खं पुस्तक लिहिलंय, १८८९ मध्ये. बटलर, माळी, धोबी, सगळे आहेत. पण थट्टेचा विषय म्हणून. पाखराच्या नावापुढे साहेबाचं नाव लागलं. कोणत्या झाडावर कोणती अळी असते हे ज्यांच्या डोळ्यांना ठाऊक होतं, त्यांची नावं त्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर नाहीत. त्या काळच्या कितीतरी पतंगांचे मूळ नमुनेही आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. आपल्या दिव्यावरचं पाखरू नक्की कोणतं, याची शंका फिटवायची तर तिथल्या खणापर्यंत जावं लागतं.

मग आपण काय करायचं? साहेबाला शिव्या देऊन भाग संपवणं सोपं आहे. पण वही अजून अर्धी कोरी आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भारतात फुलपाखरांच्या तेराशेच्या वर जाती आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. कितीतरी पतंगांचं नाव आहे, पण त्यांची अळी काय खाते ते कुणी लिहिलेलं नाही. आणि आपलं पनवेल बदलतंय ते आपण बघतोच आहोत. खाजणं भरली, भाताची शेतं गेली, विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला. रात्र पूर्वीइतकी काळी राहिली नाही. यात काय गेलं? कर्नाळ्यातल्या पक्ष्यांच्या नोंदी बऱ्याच आहेत. पतंगांचं विचाराल तर 'मुंबई' एवढाच शिक्का असलेली सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची नोंद हाताशी येते. मागचं पान कोरं असेल तर नुकसान मोजायचं कशाच्या आधारावर?

पण काम सुरू झालंय. २०१२ मध्ये अमेरिकेतून सुरू झालेला पतंग सप्ताह आता जुलैमध्ये भारतातही होतो. ऐन पावसात, म्हणजे आपल्यासाठी मुहूर्त उत्तमच. कृष्णमेघ कुंटे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने फुलपाखरं-पतंगांच्या नोंदींची संकेतस्थळं उभी राहिली. व्ही. शुभलक्ष्मी यांनी भारतीय पतंगांची फील्ड गाइड काढली. टाचणीची गरज उरली नाही, मोबाइलचा फोटो पुरतो.

करायचं इतकंच. पावसाची उघडीप बघून गच्चीत किंवा अंगणात पांढरी चादर बांधा, समोर दिवा लावा. जे येईल त्याचा फोटो काढा. तारीख, वेळ, गावाचं नाव लिहा. 'मुंबई' लिहू नका. नेरे, वाजे, आपटा, तळोजा, जे असेल ते लिहा. तासा-दोन तासांनी दिवा बंद करा, पाखरांनाही आपली कामं असतात. अभयारण्यात करायचं तर वनखात्याची परवानगी घ्या. आणि अळी दिसली तर ती कोणत्या झाडावर होती हे आवर्जून लिहा. झाडाचं नाव येत नसेल तर घरातल्या आजीला, शेतावरच्या दादांना किंवा कर्नाळ्याकडच्या कातकरी वाडीतल्या कुणाला विचारा. आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव, त्याला विचारून, नोंदीत लिहा. एटकेनच्या काळात हे राहून गेलं होतं.

पुढच्या भागात आपण पनवेल बंदराकडे जाणार आहोत, तिथे उतरणाऱ्या मालाकडे आणि माणसांकडे. तुमच्याकडच्या पतंगांचे फोटो या आठवड्यात जरूर पाठवा, गावाच्या नावासकट. भेटू लवकरच. नमस्कार.