एकच नाव, दोन जहाजं: निलगिरीची गोष्ट

आजचा विषय आहे, नौदल आपल्या जुन्या युद्धनौका बदलतं कसं. ऐकायला सरकारी फाईलसारखं वाटतं ना? पण थोडं थांबा. या गोष्टीत १९४ माणसांचा जीव गेलाय.

९ डिसेंबर १९७१. भारत-पाक युद्ध चालू. दीवपासून साधारण ४० नॉटिकल मैलांवर आयएनएस खुक्री आणि आयएनएस किरपाण या दोन फ्रिगेट एका पाकिस्तानी पाणबुडीच्या मागावर होत्या. फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. ताफ्याचं रक्षण करणं आणि पाणबुड्या शोधणं हे तिचं मुख्य काम.

खुक्री ब्रिटिश बनावटीची, १९५८ साली सेवेत आलेली. म्हणजे वय फक्त तेरा. जहाजासाठी हे काही म्हातारपण नव्हे. पण समोरची पाणबुडी होती हँगोर, फ्रेंच बनावटीची आणि अगदी नवी. पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र म्हणजे सोनार. हँगोरचा सोनार खुक्रीपेक्षा लांबचं ऐकू शकत होता. खुक्रीवर सोनारचा पल्ला वाढवायचा एक प्रयोगही चालू होता, पण त्यासाठी जहाज हळू चालवावं लागायचं. आणि हळू चालणारं जहाज हे पाणबुडीसाठी सोपं लक्ष्य.

हँगोरच्या टॉर्पेडोनं खुक्री बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं युद्धनौका बुडवल्याची जगातली ही पहिलीच घटना.

मी दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये असतो, त्यामुळे मला यातलं एक लगेच जाणवतं. सिस्टीम जुनी ठरते ती कॅलेंडर बघून नाही. बाहेरचं जग पुढे गेलं की ती जुनी होते. मग आपण पॅच मारतो, आणि प्रत्येक पॅचची काहीतरी किंमत द्यावी लागते.

आता गंमत बघा. खुक्री बुडाली तेव्हा तिच्या पुढच्या पिढीचं जहाज मुंबईत माझगाव डॉकमध्ये जवळपास तयार होतं. नाव आयएनएस निलगिरी. ब्रिटिश लिअँडर डिझाईनवर भारतात बांधलेली ही पहिली मोठी युद्धनौका. कील १९६६ ला, जलावतरण १९६८ ला, आणि नौदलात दाखल ३ जून १९७२ ला. खुक्रीनंतर सहा महिन्यांनी!

म्हणून बदली जहाजाचा निर्णय गरज पडल्यावर घेऊन चालत नाही, तो कितीतरी वर्षं आधी घ्यावा लागतो.

या मालिकेत सहा जहाजं झाली: निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. आपल्या लोकांनी ती नुसती कॉपी-पेस्ट केली नाहीत. शेवटच्या दोन जहाजांवर मोठं सी किंग हेलिकॉप्टर मावेल असा बदल केला. हे हेलिकॉप्टर जहाजापासून लांब जाऊन पाण्यात सोनार सोडतं, म्हणजे पाणबुडी शोधायला जहाजाला स्वतः तिच्या तोंडाशी जावं लागत नाही. पुढे १९८३ च्या गोदावरीचं डिझाईन तर नौदलानं स्वतः केलं. इंजिन लिअँडरचंच, ३०,००० हॉर्सपॉवरचं, पण जहाज बरंच मोठं.

आणि मग गाडी अडकली. १९८८ ला गोमती आली, त्यानंतरची फ्रिगेट ब्रह्मपुत्रा थेट २००० साली. मधली बारा वर्षं एकही नवी फ्रिगेट नाही! देशाची आर्थिक ओढाताण, त्यात सोव्हिएत संघ कोसळलेला. पण जहाजांचं वय कुणासाठी थांबतं का? निलगिरी १९९६ ला निवृत्त झाली आणि १९९७ ला सी हॅरियर विमानाच्या क्षेपणास्त्र सरावात लक्ष्य बनून बुडाली. तारागिरीला मात्र २०१३ पर्यंत, म्हणजे तब्बल ३३ वर्षं, राबावं लागलं.

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईत नवी निलगिरी दाखल झाली. जुनी ११३ मीटर लांब, नवी १४९. वजन दुपटीहून जास्त. रडारला कमी दिसावी असा आकार, ब्राह्मोस क्षेपणास्त्रं, आणि डिझाईन पूर्णपणे आपलं. हिची कील बसली होती डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे आजच्या तंत्रज्ञानातही सात वर्षं लागलीच. या वर्गात एकूण सात जहाजं आहेत. सहा जुनी नावं परत आलीत, सातवं नवं: महेंद्रगिरी.

माझ्या मते यातलं सगळ्यात महाग पोलाद नाही आणि क्षेपणास्त्रही नाही. महाग आहे तो हात बसलेला वेल्डर, फिटर, डिझायनर. ऑर्डर थांबल्या की ही माणसं दुसरीकडे जातात, निवृत्त होतात, आणि त्यांच्या डोक्यातलं ज्ञान कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही. ताफा टिकवायचा तर या माणसांच्या हाताला सतत काम पाहिजे.

तुमच्या घरात, चाळीत कुणी माझगाव डॉकमध्ये किंवा नेव्हल डॉकयार्डात काम केलंय? मग आज त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलतं करा. आणि जमलं तर ते रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच!