पाहुण्याचे ताट

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही निवेदकाची दृष्टी, स्थलचित्रण, शैली यांवर तासन्‌तास बोलतो. प्रवाशाच्या जेवणावर सहसा बोलत नाही. क्रांती होऊन गेलेल्या देशात हिंडणाऱ्या पाहुण्यापुढे काय वाढले गेले आणि त्या ताटाविषयी त्याने काय लिहिले, हा प्रश्न मात्र आम्हाला शैलीइतकाच वाङ्मयीन वाटतो. १९१७ नंतरचा रशिया हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. (अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ वाचकांना आठवेलच, पण तो प्रवास १९६१ चा, क्रांतीला तोवर ४४ वर्षे लोटली होती. म्हणून तो येथे बाजूला ठेवतो.)

क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त, १९२७ साली, नेहरू मॉस्कोला गेले होते. परदेशी लेखक-कलावंतांची सरबराई करणारी ‘व्होक्स’ ही संस्था १९२५ मध्येच निघाली होती. १९२९ मध्ये पर्यटकांसाठी ‘इंटूरिस्ट’ आली. राज्याला परकीय चलन हवे होते आणि चांगली साक्षही. प्रवास, मुक्काम, दुभाषा, सारे एकाच हातून मिळे.

रवींद्रनाथ ठाकूर सप्टेंबर १९३० मध्ये ‘व्होक्स’चे पाहुणे म्हणून मॉस्कोत गेले. खेडुतांना आणि मुलांना मिळणारे शिक्षण पाहून ते भारावले; ‘रशियार चिठि’ (१९३१) मधला आनंद अस्सल आहे, कारण त्यामागे पारतंत्र्यातील निरक्षर बंगालची वेदना आहे. सामूहिक शेतीच्या सक्तीने होरपळणारी खेडी त्यांच्या वाटेवर नव्हती. तरीही निघताना ‘इझ्वेस्तिया’ला दिलेल्या मुलाखतीत, तुम्ही लोकांच्या मनात द्वेष आणि सूड पेरत आहात का, असे त्यांनी यजमानांनाच विचारले. त्या पत्राने ती मुलाखत छापली १९८८ मध्ये. इकडे १९३४ मध्ये पत्रांचा इंग्रजी अनुवाद ‘मॉडर्न रिव्ह्यू’त येऊ लागताच इंग्रज सरकारने पुढील भागांना मनाई केली. एकाच प्रवाशाची स्तुती एका सरकारला खुपली, शंका दुसऱ्याला!

गॅरेथ जोन्स हा वेल्सचा तरुण पत्रकार. मार्च १९३३ मध्ये तो खार्किवच्या गाडीत बसला आणि शहर येण्याआधीच उतरून रुळांच्या कडेने गावोगाव चालत गेला. त्याला रशियन येत होते. दुभाष्याची गरज नव्हती. पाठीवरच्या पिशवीत परकीय चलनावर चालणाऱ्या दुकानातून घेतलेले खाणे होते. गाडीत त्याने पावाचा एक तुकडा थुंकदाणीत टाकला, तर शेजारच्या शेतकऱ्याने तो उचलून खाल्ला. मग संत्र्याची साल टाकली, तीही त्याने उचलली. जोन्सने हे लिहून ठेवले आहे. हाती भाकर असलेला पाहुणा स्वतःलाही त्या चित्रात ठेवतो, हे आम्हाला त्याच्या वृत्तान्तातले सर्वांत मोलाचे वाटते. बर्लिनला पोहोचून त्याने २९ मार्चला दुष्काळाची बातमी जाहीर केली. दोनच दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये वॉल्टर ड्युरँटीने, लोक भुकेले आहेत पण भुकेने मरत नाहीत, असा खुलासा केला. एकट्या युक्रेनमधील बळींची संख्या आज ३५ लाखांहून अधिक मानली जाते.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर एरियो युक्रेनमध्ये हिंडले आणि हा तर बहरलेला बगीचा, असे सांगत परतले. ते सरळसरळ खोटे बोलले, असे म्हणणे सोपे आहे. पण नवे पीक तोवर हाती आले होते, रस्ते झाडलेले होते. बगीचा त्यांना खरोखर दिसला असेल. तो पिकवणारी माणसे कुठे गेली, हे विचारायला मात्र मोटारीतून उतरावे लागले असते.

आंद्रे जीद १९३६ च्या जूनमध्ये मित्र म्हणून गेला. गॉर्कीच्या अंत्यविधीत लाल चौकात बोलला. पुढे जॉर्जियात, स्टालिनच्या जन्मगावी गोरी येथे, त्याला आभाराची तार करावीशी वाटली. मजकुरात ‘तुम्हाला’ एवढेच होते. दुभाष्या अडला: नुसते ‘तुम्हाला’ चालणार नाही, ‘कामगारांचे नेते’ किंवा ‘जनतेचे स्वामी’ असे काही जोडा. जीदने हुज्जत घातली. विशेषण जोडल्याविना तार जाईना. त्याच नोव्हेंबरात ‘रतूर द लु. एर. एस. एस.’ प्रसिद्ध झाले, तेव्हा जुन्या मित्रांनी त्याला कृतघ्न ठरवले. १९३७ मध्ये त्याने पुरवणीवजा दुसरे पुस्तक काढले. त्यात आकडेवारी वाढली, सूर कडवट झाला. आणि आपल्यासाठी दिलेल्या मेजवान्यांचा खर्च त्याने कामगाराच्या रोजंदारीशेजारी मांडून दाखवला.